जाणाऱ्यांना नाही, घेणाऱ्यांना: एक खुले पत्र

प्रति,
सर्व राजकीय पक्षांचे प्रदेशाध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य.

विषय: निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीला मुदत संपण्याआधी आपल्या पक्षात घेण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

पक्ष सोडून जाणाऱ्यांना लोक पत्रं लिहितात, शिव्या घालतात, पुतळे जाळतात. त्यांना काही फरक पडत नाही. 'कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर' आणि 'मतदारसंघाच्या विकासासाठी' ही दोन उत्तरं खिशात तयार असतात. म्हणून मी या वेळी त्यांना लिहीत नाही. स्वतःचं घर सोडून निघालेला माणूस दुसऱ्याच्या घरात शिरतो तो कुणीतरी आतून कडी काढली म्हणून. कडी तुम्ही काढता.

निमित्त सांगते. गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयात 'भव्य पक्षप्रवेश सोहळा' झाला. आमदारांच्या चिरंजीवांच्या गळ्यात नवं उपरणं पडलं, मागोमाग दोन-तीनशे कार्यकर्त्यांच्या गळ्यात. आमदार स्वतः पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसलेले, गळा मोकळा. पत्रकारांनी विचारलं तर म्हणाले, मी बाप म्हणून आलोय. म्हणजे मुलगा सत्तेत, वडील कागदोपत्री विरोधात, आणि बॅनरवर दोघांचे फोटो, त्यात वडिलांचा मोठा. मंगल कार्यालयातल्या आचाऱ्यालासुद्धा कळत होतं काय चाललंय ते.

त्या दोन-तीनशे जणांत माझा धाकटा भाऊ होता. वीस वर्षं त्याने या आमदारांसाठी सतरंज्या उचलल्या, अक्षरशः उचलल्या. नोव्हेंबर २०२४ च्या प्रचारात, मतदानाच्या दोन दिवस आधी, झेंडे लावण्यावरून चौकात बाचाबाची झाली, तिची मारामारी झाली आणि भावावर गुन्हा दाखल झाला. समोरची मंडळी ज्या पक्षाची, त्याच पक्षाचं उपरणं आता त्याच्या गळ्यात आहे. खटला चालू आहे. तारखा पडतात. आमदार तारखेला येत नाहीत.

आता माझं स्वतःचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. निवृत्तीपूर्वीची माझी शेवटची निवडणूक ड्युटी २१ ऑक्टोबर २०१९ ची, विधानसभेची. मतदान अधिकारी क्रमांक २, म्हणजे नोंदवहीत सही किंवा अंगठा घ्यायचा आणि बोटाला शाई लावायची. डाव्या हाताची तर्जनी, नखापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ. दिवसभरात काही शे बोटं हातात येतात. गवत कापून चिरा पडलेली, मेंदी लावलेली, थरथरणारी. दुपारी एक आजी आल्या. मला म्हणाल्या, "बाई, नाव न्हाई वाचता येत मला, पर चिन्ह वळखते मी." मी म्हटलं, "मग झालं तर." आत जाऊन त्यांनी बटण दाबलं. व्हीव्हीपॅटच्या काचेमागे ती चिठ्ठी ७ सेकंद दिसते. उमेदवाराचं नाव आणि चिन्ह. मग ती तुटून खाली पेटीत पडते. आजी काचेला जवळजवळ नाक लावून उभ्या राहिल्या असाव्यात, कारण बाहेर यायला वेळ लागला. आल्या त्या हसत. म्हणाल्या, "दिसलं बरं का."

त्या विधानसभेचं पुढे काय झालं ते तुम्हीच घडवलंत, तेव्हा तुम्हाला सांगायची गरज नाही. तरी उजळणी करते, शिक्षिकेची सवय. २३ नोव्हेंबरला पहाटेचा शपथविधी, साधारण ८० तासांचं सरकार. २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर दुसरं. जून २०२२ मध्ये आमदार सुरत, गुवाहाटी, गोवा असे फिरून आले आणि तिसरं. २ जुलै २०२३ ला आणखी एका पक्षाचे विरोधी बाकांवरचे नेते दुपारी थेट मंत्री झाले. एकाच विधानसभेच्या मुदतीत एकच व्यक्ती तीन वेगवेगळ्या मुख्यमंत्र्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री झाली आणि मधल्या काळात विरोधी पक्षनेतेपदही सांभाळून गेली. पुढे निवडणूक आयोगाने दोन पक्षांची नावं आणि चिन्हंही फुटून निघालेल्या गटांना दिली. आजींना अक्षर येत नव्हतं, चिन्ह येत होतं. ७ सेकंद त्यांनी जे निरखून पाहिलं, त्याचाच मालक बदलू शकतो हे त्यांना कोण समजावणार होतं? मला तर नाही जमलं.

हे महाराष्ट्राने कालच शोधून काढलं असंही नाही. मी दहावीत होते तेव्हा, जुलै १९७८ मध्ये, वसंतदादांचं सरकार त्यांच्याच सहकाऱ्यांनी बाहेर पडून पाडलं आणि पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आलं. घरात दोन दिवस वडील आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते. त्याआधी १९६७ मध्ये हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द देशाला दिला. त्या लाटेनंतर केंद्राने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपले यशवंतराव चव्हाण, तेव्हाचे गृहमंत्री. त्या समितीने मोजदाद केली. राज्याराज्यांतल्या २१० पक्षांतर करणाऱ्या आमदारांपैकी ११६ जण, आपण फुटून जे सरकार आणलं त्याच सरकारात मंत्री झाले होते.

निम्म्याहून जास्त. माझं सगळं म्हणणं या एका आकड्यात आलं, पण तुम्ही त्यावर 'प्रत्येकाचा हेतू वेगळा असतो' असं म्हणाल, म्हणून पुढे लिहावं लागतं.

हेतूचं म्हणाल तर मला तो दिसत नाही. तुम्हालाही दिसत नसावा. माणसाच्या मनात शिरून त्याला खरंच जुन्या पक्षाचं धोरण पटेनासं झालं की चौकशीची नोटीस आली की मुलाच्या तिकिटाची सोय लागली, हे कुणाला कळणार? आणि पक्ष बदलणं हे काही पाप नाही. मी स्वतः आयुष्यात तीन वेगवेगळ्या पक्षांना मत दिलं आहे. पक्षही बदलतात; काल ज्याच्याविरुद्ध शपथा घेतल्या त्याच्याशी आज युती करतात. मग त्यातून एखादा प्रामाणिक माणूस बाहेर पडला तर त्याला गद्दार म्हणणं अन्यायाचं आहे. उलट आपल्या कायद्याने पक्षादेशाची अशी काही तलवार टांगली आहे की आमदाराने एखाद्या विधेयकावर स्वतःची अक्कल वापरली तर त्याची आमदारकी जाते. गट करून अख्खं सरकार पाडलं तर मात्र जात नाही. हे उलटं कसं झालं, यावर वेगळं पत्र लिहिता येईल.

तर हेतू दिसत नाही. पण जाताना माणसाने काय मागे ठेवलं आणि आल्यावर काय घेतलं, हे दिसतं. मी तेवढंच बघते.

१९४८ मध्ये समाजवादी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली. आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे साथीदार तेव्हा संयुक्त प्रांताच्या विधानसभेत होते, काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले. पक्षांतरबंदी कायदा यायला अजून ३७ वर्षं होती. कुणी विचारलंही नसतं. तरी त्यांनी राजीनामे दिले, ज्या पक्षाच्या नावावर जागा मिळाली तो पक्ष सोडला तर जागाही सोडायची म्हणून. पोटनिवडणूक झाली आणि आचार्य हरले. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका घ्यावीशी वाटत नाही. साताऱ्याचं २०१९ चं उदाहरण अर्धं-अर्धं आहे. खासदारांनी चार महिन्यांत पक्ष सोडला, पण लोकसभेचा राजीनामा देऊन सोडला, पुन्हा लोकांपुढे गेले आणि हरले. इथवर मी त्यांना मानते. पुढच्याच वर्षी नव्या पक्षाने त्यांना राज्यसभेवर पाठवलं. लोकांनी 'नको' म्हटलेल्या माणसाला दुसऱ्या दाराने आत घेणं, यात चूक त्यांची किती आणि दार उघडणाऱ्यांची किती? मला विचाराल तर दुसऱ्यांची जास्त.

आता माझ्या तक्रारी. तुम्हा सगळ्यांविरुद्ध आहेत, कारण मोठ्या पक्षांपैकी कुणाचेच हात कोरडे नाहीत.

पहिली, 'विकासासाठी प्रवेश' या वाक्याची. आमदार स्थानिक विकास निधी सत्ताधारी असो वा विरोधी, प्रत्येकाला मिळतो. मग सत्तेत गेल्याशिवाय विकास होत नाही म्हणजे काय? याचा अर्थ एवढाच, की विरोधकाला निवडून देणाऱ्या गावांचे रस्ते, पूल, पाणी योजना मुद्दाम अडवल्या जातात आणि आमदार शरण आला की सोडल्या जातात. तुम्ही व्यासपीठावर बसून, टाळ्या वाजवत, हे कबूल करता. माझ्या गावाने विरोधकाला मत दिलं म्हणून आमच्या ओढ्यावरचा पूल रखडला असेल तर तो आमदारांचा पराक्रम नाही, तुमचा गुन्हा आहे.

दुसरी तक्रार आरोपांची. निवडणुकीआधी तुम्ही ज्यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप करता, बैलगाडीतून पुरावे नेता, पत्रकार परिषदेत फायली फडकवता, त्यांनाच वर्षा-दोन वर्षांनी शाल घालता. तेव्हाचे आरोप खोटे असतील तर त्या माणसाची जाहीर माफी मागायला हवी होती. खरे असतील तर शाल कशी घातली? यातलं एकही होत नाही. लोक त्याला वॉशिंग मशीन म्हणतात आणि हसतात. मला हसू येत नाही. शाळेत मुलांना मी नागरिकशास्त्र शिकवलं आहे हो.

तिसरी, कायद्याच्या पळवाटांची. ही जरा लांबणार आहे. १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती झाली, दहावी अनुसूची, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा, आली. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानून सगळे सुरक्षित राहत. म्हणजे किरकोळ चोरीला शिक्षा, घाऊक चोरीला माफी. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती सोय काढली, मंत्रिमंडळावरही सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्या २८८ च्या सभागृहात जास्तीत जास्त ४३ मंत्री. (म्हणून तर हल्ली महामंडळांना इतकी मागणी आहे.) पण दोन तृतीयांश सदस्यांचं विलीनीकरण चालतं, ही फट उरली. गोव्यात काय झालं आठवतं? २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार एका रात्रीत भाजपमध्ये गेले. म्हणून जानेवारी २०२२ मध्ये पक्षाने आपल्या उमेदवारांना देवळात, क्रॉससमोर आणि दर्ग्यात नेऊन शपथा घ्यायला लावल्या, की फुटणार नाही. निवडून आले ११. सप्टेंबरमध्ये त्यातले ८ गेले. दोन तृतीयांशाचं गणित बरोबर जुळलं. तिन्ही देवांपेक्षा त्रैराशिक मोठं ठरलं.

राजीनामा देऊन जाण्यातही तुम्ही वाट काढली आहे. कर्नाटकात २०१९ मध्ये आमदारांनी राजीनामे देऊन सरकार पाडलं, १७ जण अपात्र ठरले, पण सर्वोच्च न्यायालयाने पोटनिवडणूक लढवायची मुभा दिली. निवडून आलेल्यांपैकी १० जणांना फेब्रुवारी २०२० मध्ये मंत्रिपदाची शपथ मिळाली. ५० वर्षं झाली, चव्हाण समितीने लिहून ठेवलेलं दुखणं तेच.

आणि निकाल कोण देणार? विधानसभेचे अध्यक्ष, जे कुठल्यातरी पक्षाचेच असतात. २०२२ च्या जूनमधल्या प्रकरणाचा निकाल १० जानेवारी २०२४ ला आला. दीड वर्ष. दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. म्हणजे पक्ष मधोमध फुटला, सरकार गेलं, चिन्ह गेलं, आणि नियम कुणीच मोडला नव्हता! सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात २०२० मध्येच म्हटलं होतं की असे अर्ज साधारण तीन महिन्यांत निकाली निघावेत आणि हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा संसदेने विचार करावा. तेलंगणाच्या आमदारांबाबत जुलै २०२५ मध्ये पुन्हा तीन महिन्यांचीच मुदत घालून द्यावी लागली. शाळेतलं मूल असं तीन-तीनदा सांगावं लागलं तर आम्ही पालकांना बोलावतो.

चौथी तक्रार छोटी आहे. मुलाला, बायकोला, भावाला पुढे करून आमदाराला 'तांत्रिकदृष्ट्या' जुन्या पक्षात ठेवायची नवी युक्ती बंद करा. पक्ष सोडला हे ठरवायला लेखी राजीनामाच लागतो असं नाही, वागण्यावरूनही ते ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्याच रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्ये सांगून ठेवलं आहे. तुमच्या वकिलांना ते माहीत आहे. आमदारांचा गळा मोकळा ठेवतात तो म्हणूनच.

तुम्ही म्हणाल, बाई, लोकांनी कौल दिला, तुमची तक्रार जुनी झाली. हे उत्तर मला परवा एका पदाधिकाऱ्यानेच दिलं. त्यावर मी दोन रात्री विचार केला, कारण ते अगदीच खोटं नाही. लोकांनी मतं दिली हे खरं. पण कुठला कौल धरायचा? २०२४ च्या लोकसभेत महायुतीला ४८ पैकी १७ जागा आणि सहा महिन्यांनी विधानसभेत २३० च्या वर. पक्षांतरावरचा निकाल यातला कोणता? आणि मतपत्रिकेवर कुठल्या बाजूला कोण उभं होतं? आमच्या मतदारसंघात तिन्ही प्रमुख उमेदवार कधी ना कधी दुसऱ्या पक्षातून आलेले. आदल्या दिवशी प्रवेश, दुसऱ्या दिवशी हातात एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी. ज्याने कधी पक्ष बदलला नाही असा एक जण होता, अपक्ष. त्याला बदलायला पक्षच नव्हता. तुम्ही ताटात एकच पदार्थ वाढायचा आणि आम्ही खाल्ला की म्हणायचं, बघा, यांना हेच आवडतं.

आमची चूक नाही असं मी म्हणत नाही. गावाला सभामंडप मिळाला की आम्ही मागचं विसरतो. माझ्या भावालाच बघा.

तर मागण्या. यासाठी कायदा बदलायची वाट बघावी लागत नाही. बऱ्याचशा तुमच्या एका पत्रकाने पुऱ्या होतील.

निवडून आलेला आमदार, खासदार, नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य आधी जागेचा राजीनामा दिल्याशिवाय तुमच्या पक्षात येणार नाही, असं लेखी जाहीर करा. त्याच्या घरच्यांच्या नावानेसुद्धा नाही. राजीनामा देऊन आला, पोटनिवडणूक जिंकला, तरी त्या सभागृहाची मूळ मुदत संपेपर्यंत त्याला मंत्रिपद, महामंडळ, राज्यसभा, विधान परिषद यातलं काहीही देणार नाही, हेही त्यात असू द्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची मागणी हीच. तत्त्वासाठी येणाऱ्याला तिचा काही त्रास नाही.

प्रवेशाच्या दिवशी त्याच्याकडून एक पानभर लिहून घ्या आणि ते छापा: जुन्या पक्षाची कोणती भूमिका पटली नाही, त्याबद्दल पक्षात कधी आणि कुठे बोललात, आणि तुमच्यावर कोणकोणत्या चौकशा चालू आहेत. त्याच पानाखाली तुमची सही असू द्या, की या चौकशा होत्या त्याच गतीने चालू राहतील. आणि पूर्वी तुम्ही त्याच्यावर आरोप केले असतील तर ते मागे घेताय की कायम ठेवताय, तेही.

संसदेत तुमचे सगळ्यांचे खासदार आहेत. स्वतंत्र न्यायाधिकरण आणि दोन तृतीयांशाची फट बुजवणं, यासाठी त्यांच्याकडून एकत्रित मागणी करवून घ्या. तोवर तुमचा अध्यक्ष असेल तिथे तीन महिने पाळा. हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने २०२४ मध्ये अपात्र ठरलेल्या आमदारांचं निवृत्तिवेतन बंद करणारं विधेयक मंजूर केलं. आपल्या विधानसभेत असं विधेयक कोण मांडतं, ते आम्ही बघू.

शेवटची मागणी माझ्या घरची. नेता पक्ष बदलतो तेव्हा त्याच्यासाठी अंगावर केसेस घेतलेल्या दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांची यादी करा आणि त्यांच्या वकिलाचा खर्च, नव्या पक्षाने आणि त्या नेत्याने मिळून, भरा. व्यासपीठावरच्या फुलांच्या खर्चात बसेल.

उत्तर हो किंवा नाही असं चालेल. स्थानिक स्वराज्य संस्था असोत की विधानसभा, पुढच्या उमेदवार यादीच्या आधी आलं तर बरं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि मतदार

ता. क. भावाच्या खटल्याची तारीख येत्या मंगळवारी आहे. फिर्यादी आमच्याच गल्लीतला. आता दोघं एकाच पक्षात, त्यामुळे पेट्रोल वाचवायला एकाच मोटारसायकलवरून कोर्टात जातात. वकील म्हणतात, गुन्हा असा आहे की फिर्यादीच्या म्हणण्यावर मिटत नाही. मागच्या तारखेला दोघांनी मला विचारलं, ताई, साहेबांना फोन लावून बघू का? लावला. स्वीय सहायकाने उचलला आणि विचारलं, कुठल्या पक्षाचे तुम्ही?